कच्चे प्रूफ आणि पक्की छपाई
शालेय चित्रफितीतील स्थिरचित्रांविषयी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



शालेय चित्रफितीत आपण जी स्थिरचित्रे घालतो, म्हणजे फोटो, नकाशे, पुस्तकातील आकृत्या, जुनी कागदपत्रे, त्यांच्याविषयी आज चार शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. विषय ऐकून काहींच्या मनात अशी शंका येईल की, हा तर संगणकाच्या जाणकारांचा प्रांत. आयुष्यभर खडू-फळ्याशी नाते सांगणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याचा त्यात काय अधिकार? शंका रास्त आहे. मी यंत्रविद्येचा पदवीधर नाही. मात्र या विषयात मी दोन चुका केल्या आहेत, आणि त्या दोन्ही चुकांची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. शिक्षकाला आपल्या चुकीतून जे समजते ते सहसा पक्के समजते. तेवढ्याच अधिकाराने मी आपल्यापुढे उभा आहे.

आज आपल्यापैकी पुष्कळ शाळांत भिंतीवर दूरदर्शन संच आहे आणि जवळजवळ प्रत्येक शिक्षकाजवळ फोन आहे. पाठ्यपुस्तकातील संकेतचिन्ह टिपून तयार चित्रफिती दाखविण्याची सोय झाली आहे. तरीही आपल्या गावची नदी, आपल्या गावचे मंदिर, आपल्या गावची माणसे यांवरील चित्रफीत बाहेरून कोणी करून पाठविणार नाही. ती आपणांसच करावी लागते. आपल्याजवळ चित्रीकरणाची साधने थोडी असल्यामुळे अशा चित्रफितीचा बहुतेक भाग स्थिर फोटोंचाच असतो. म्हणून हा विषय किरकोळ नाही.

प्रथम माझी पहिली चूक सांगतो. माझे बालपण लालबागच्या एका चाळीत गेले. वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो लांबत गेल्यावर आमच्या बिऱ्हाडाने कोकणातील मूळ गावाची वाट धरली. वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचा एक काळापांढरा समूहफोटो होता. सुमारे २५ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच. चार रांगांत माणसे दाटीवाटीने उभी. त्यांतील निम्मी माणसे आमच्याच पंचक्रोशीतली.

मी मुख्याध्यापक असताना चौथीच्या मुलांसाठी 'आपले गाव आणि मुंबई' अशी एक चित्रफीत करावयास घेतली. ज्या गावातील प्रत्येक घराचा एक पाय लालबाग-परळात होता, तेथील मुलांना आपल्या आजोबांची मुंबई दाखवावी, हा हेतू. तो फोटो मी फोनने टिपून घेतला आणि संगणकातील संपादनाच्या प्रणालीत बसविला. चित्रफीत चालवून पाहतो, तो मागच्या रांगेतील चेहरे म्हणजे नुसते राखाडी डाग! मी समजलो की, फोटो जुना आहे, त्यात आता जीव उरलेला नाही. तो काढून टाकला आणि त्या जागी मुंबईचे एक झकपक रंगीत चित्र घातले.

स्नेहसंमेलनात चित्रफीत दाखविली. टाळ्या पडल्या. सगळे पांगल्यावर शेजारच्या वाडीतील एक वृद्ध आजी माझ्याजवळ आल्या. त्यांचे यजमान त्या फोटोत मागच्या रांगेत उभे होते. ते जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती, आणि घरात त्यांचा दुसरा एकही फोटो नव्हता. लालबागचा फोटो दाखविणार आहेत असे कोणीतरी त्यांच्या कानावर घातले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, आमचे हे काही दिसले नाहीत." मी काय उत्तर देणार? फोटो खराब झाला आहे, असे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि त्या काठी टेकीत निघून गेल्या.

मी जे सांगितले ते खोटे होते, हे मला पुढे महिन्याभराने समजले. शाळेतील एक तरुण सहकारी माझ्या खुर्चीमागे उभा राहून पाहत होता. तो म्हणाला, "सर, चित्र जरा थांबवा बघू." मी थांबविले. एका क्षणात ते राखाडी डाग माणसांचे चेहरे झाले! आजींचे यजमान स्पष्ट दिसत होते. टोपी किंचित तिरकी, हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. फोटोला काहीच झाले नव्हते. मी ज्यावरून निकाल दिला होता ते चित्र कच्चे होते.

हा काय प्रकार आहे, हे सांगण्यासाठी मी आपणांस गिरगावात घेऊन जातो. माझे मामा गिरगावातील एका छापखान्यात जुळारी होते. गिरगाव आणि शेजारचे काळबादेवी म्हणजे मराठी मुद्रणाचे जुने घर. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये निघाला. राजा रविवर्म्यांच्या चित्रांचा शिळाप्रेस १८९४ मध्ये प्रथम गिरगावातच सुरू झाला. खटाववाडीतील मौजेचा छापखाना तर आपल्यापैकी अनेकांना पुस्तकांच्या पाठपानावरून ठाऊक असेल. सुट्टीत मी मामांकडे जाई, तेव्हा ते जुळविलेल्या खिळ्यांवर शाईचा रूळ फिरवून हलक्या कागदावर प्रूफ काढीत. त्यात अक्षरे कोठे पुसट, कोठे भरलेली असत. मी एकदा म्हणालो, "मामा, हे अक्षर फुटलंय." मामा हसून म्हणाले, "अक्षर नाही फुटलेलं, प्रूफ तसं उमटलंय. प्रुफात चुका शोधायच्या असतात, छपाई जोखायची नसते."

संपादन करताना संगणकाच्या पडद्यावर जे चालते चित्र आपण पाहतो ते प्रूफ आहे. काम पुरे झाल्यावर प्रणाली जी चित्रफीत तयार करून देते, जिला संगणकाच्या व्यवहारात 'रेंडर' करणे म्हणतात, ती पक्की छपाई आहे. या दोहोंत यंत्राच्या दृष्टीने महदंतर आहे.

ते अंतर आकड्यांनी पाहू. सध्या सर्वत्र चालणाऱ्या 'फुल एचडी' चित्राच्या रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० बिंदू असतात. म्हणजे एका चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू. आपल्याकडे चित्रफितीत सेकंदाला बहुधा २५ चित्रे असतात. आपला फोटो स्थिर असला, तरी त्यावर आपण हळूहळू जवळ जाण्याचा परिणाम योजला, अक्षरे घातली, एक चित्र विरून दुसरे येईल असे केले, तर यंत्राला दर सेकंदाला पंचवीस वेळा तो फोटो नव्याने मापून मांडावा लागतो. फोनने काढलेल्या फोटोत ४००० गुणिले ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू असतात. साध्या संगणकाला हे ओझे पेलत नाही. मग प्रणाली एक तडजोड करते. चालत्या दर्शनापुरते ती चित्र अर्ध्या किंवा पाव मापाने मांडते. पाव मापाचे चित्र म्हणजे ४८० गुणिले २७०, अवघे १ लाख ३० हजार बिंदू. पुऱ्या चित्राचा सोळावा हिस्सा. काम अडखळू नये, एवढ्यासाठी ही सवलत घेतलेली असते.

आता आजींच्या यजमानांचा चेहरा मोजू. फोटोवर तो ८ मिलिमीटर उंचीचा होता. फोटोची २० सेंटिमीटरांची उंची माझ्या फोनने ३००० बिंदूंत टिपली होती, तेव्हा त्या चेहऱ्याच्या वाट्याला १२० बिंदू आले. पुऱ्या मापाच्या चित्रफितीत तीच उंची १०८० बिंदूंत बसते, म्हणून चेहऱ्याला ४३ बिंदू मिळतात. पाव मापाच्या दर्शनात मात्र त्याला केवळ ११ बिंदू उरतात. अकरा बिंदूंत माणूस ओळखू येत नाही. मी चुकलो तो एवढ्याच त्रैराशिकात. पाचवी-सहावीच्या मुलाला सुटावे असे ते गणित होते. ते मी मांडलेच नाही.

हे बहुतेक प्रणालींत कोठे ना कोठे पाहावयास मिळते. प्रीमिअर प्रो या प्रणालीत चालत्या चित्राचे माप आणि थांबविलेल्या चित्राचे माप यांची निवड वेगवेगळी करता येते. शॉटकट आणि केडेनलाइव्ह या विनामूल्य मिळणाऱ्या प्रणालींतही कच्च्या दर्शनाचे माप कमी-अधिक करण्याची सोय आहे. केडेनलाइव्हमध्ये मोठ्या फोटोंच्या जागी कामापुरत्या लहान प्रती वापरण्याची सोयही आहे. अशा बदली प्रतीस 'प्रॉक्सी' म्हणतात. सोय उत्तम आहे. ती चालू आहे हे ठाऊक असावे, इतकेच.

येथे मला दादरच्या एका गृहस्थांची आठवण होते. दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो; परंतु त्यांची आधीची कितीतरी वर्षे स्थिरचित्रांच्या सेवेत गेली होती. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. पुढे त्यांनी छायाचित्रण केले, रविवर्मा प्रेससाठी काम केले, ठसे कोरण्याचा व रंगीत छपाईचा स्वतःचा व्यवसाय काढला, आणि १९०९ मध्ये त्यातील नवी विद्या व यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. बारीक जाळीचा ठसा गुळगुळीत कागदावर कसा उठतो आणि जाड जाळीचा ठसा वर्तमानपत्राच्या कागदावर कसा उठतो, हे ज्याने हाताने केले आहे त्याला बिंदूंचे मोल निराळे शिकवावे लागत नाही.

१९१२ मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांनी काय केले ते प्रत्येक विज्ञानशिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कुंडीत वाटाणा पेरून तिच्यासमोर त्यांनी कॅमेरा स्थिर ठेवला आणि काही काही वेळाने एकेक चित्र घेत गेले. ती स्थिरचित्रे एकामागून एक पडद्यावर पडताच बीजातून रोप वर येताना दिसले. भांडवल देणाऱ्याची खात्री त्यांनी या लहानशा पटाने पटविली. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आला. तो ज्या रस्त्यावरील जागेत घडला तो दादरचा रस्ता आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

फाळक्यांना चित्रण करताना आजच्यासारखे कच्चे दर्शन उपलब्ध नव्हते. फीत अंधारात धुवावी, तिच्यावरून प्रत काढावी, पडद्यावर टाकावी, मगच काय साधले आणि काय फसले ते कळावयाचे. फितीच्या कडांना छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी घरात शिकून घेतली व केली. त्या काळी पडद्यावर पाहिल्यावाचून निर्णय देण्याची सोयच नव्हती. आपल्याला ती सोय आहे, आणि म्हणूनच आपण फसतो. अर्धवट दर्शन समोर असले की, पूर्ण पाहिल्याचा भास होतो.

आता माझ्या दुसऱ्या चुकीकडे वळतो. ती पहिलीच्या नेमकी उलट आहे. कच्चे दर्शन खोटे बोलते, हे एकदा समजल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येक चित्र थांबवून पाहावे, ते स्वच्छ दिसले की काम झाले असे समजावे, असा माझा परिपाठ पडला. त्याच चित्रफितीची सुधारलेली आवृत्ती करताना मी मुंबईचा एक नकाशा घातला. निळा समुद्र, हिरवट जमीन, आणि तीवर गिरगाव, लालबाग, परळ, दादर ही नावे बारीक तांबड्या अक्षरांत. थांबविलेल्या चित्रात सारे वाचता येत होते. मग पक्की प्रत काढताना मी सर्वांत हलकी प्रत निवडली. दुसऱ्या शाळांना फोनवरून चटकन पाठविता यावी, हा त्यामागील विचार.

वर्गात चित्रफीत लावली. शेवटच्या बाकावरील एका मुलीला मी नकाशावर परळ कोठे आहे ते वाचून दाखविण्यास सांगितले. ती उभी राहिली आणि गप्प बसली. मी पुन्हा विचारले. ती खाली पाहू लागली. "लक्ष कुठे असते तुझे?" असे मी जरा चढ्या आवाजात बोललो. तिच्या डोळ्यांत पाणी आले. पुढच्या बाकावरील मुलांनी नाव सांगितले, धडा पुढे गेला. दुपारच्या सुट्टीत संच बंद करण्यापूर्वी मी सहज मागे जाऊन तिच्या जागेवर बसलो. तेथून नकाशावरील एकही नाव मला वाचता आले नाही. तांबडी अक्षरे हिरव्या जमिनीत विरघळली होती आणि कडांभोवती मुंग्या चालल्यासारखे ठिपके वळवळत होते. जी पुढच्या मुलांनी सांगितली ती नावे त्यांना आधीच पाठ होती! दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची वर्गासमोर क्षमा मागितली. क्षमा मागितल्याने आदल्या दिवसाचे पाणी परत जात नाही, हेही मला ठाऊक आहे.

पक्की प्रत निघताना काय घडते? पुऱ्या मापाची पंचवीस चित्रे जशीच्या तशी नोंदविली, तर एका सेकंदाला सुमारे १५ कोटी ५५ लाख बाइट लागतील. इतके मोठे बाड साध्या फोनवर मावणे कठीण. म्हणून प्रणाली ते दाबून बसविते. चांगल्या प्रतीची शालेय चित्रफीत सेकंदाला दहा लाख बाइटांच्या आसपास बसते. म्हणजे मूळ ऐवजाच्या दीडशेव्या हिश्शात. हे साधते कसे? पूर्ण चित्र अधूनमधून एकदा नोंदवावयाचे आणि मधल्या चित्रांत काय बदलले तेवढेच टिपावयाचे. स्थिरचित्राच्या बाबतीत ही युक्ती फार लाभाची ठरते, कारण त्यात बदलते असे काही नसतेच. परंतु त्याच चित्रावरून आपण दृष्टी सरकवू लागलो किंवा जवळ जाऊ लागलो की, प्रत्येक बिंदू हलतो आणि खर्च वाढतो. जागा कमी दिलेली असेल, तर यंत्र कोठे काटकसर करणार? बारीक रेषांत, अक्षरांच्या कडांत. अगदी हलक्या प्रतीत तर न हलणारे चित्रही ठरावीक अंतराने श्वास घेतल्यासारखे एकदा धूसर, एकदा स्वच्छ होते. नवे पूर्ण चित्र आले की, ते उजळते.

रंगांची काटकसर याहून निराळी आहे, आणि ती जवळजवळ प्रत्येक चित्रफितीत असते. उजेड-अंधार प्रत्येक बिंदूचा वेगळा नोंदविला जातो. रंग मात्र चार बिंदूंना मिळून एकच. माणसाचा डोळा रंगापेक्षा उजेडातील फरक अधिक बारकाईने पाहतो, म्हणून ही योजना सहसा खपून जाते. पण सारख्याच उजेडाची दोन भडक रंगांची अक्षरे आणि जमीन एकमेकांवर आली की, डोळ्याला धरावयास काही उरत नाही. माझी तांबडी अक्षरे हिरव्यावर विरघळली ती यामुळे. पांढऱ्यावर काळी किंवा गडद जमिनीवर पांढरी अक्षरे असती, तर त्या हलक्या प्रतीतही ती पुष्कळशी टिकली असती. आपल्या पूर्वसुरींनी फळा काळा आणि खडू पांढरा ठेवला, यातील शहाणपण यंत्रानेही मोडीत काढलेले नाही.

बंधुभगिनींनो, आता कामाच्या काही गोष्टी क्रमाने सांगतो.

१. मूळ चित्र चांगले घ्यावे. जुना फोटो किंवा नकाशा टिपताना तो सपाट ठेवावा, खिडकीच्या उजेडात ठेवावा, फोन त्याला समांतर धरावा आणि फ्लॅश टाळावा. गुळगुळीत कागदावर चकाकी पडते. निरोपाबरोबर आलेला फोटो बहुधा वाटेत लहान झालेला असतो. दुसऱ्या शाळेकडून फोटो मागविताना तो दस्तऐवज म्हणून पाठविण्यास सांगावे, म्हणजे मूळ बिंदू शाबूत राहतात. जे बिंदू मुळात नाहीत, ते पक्की प्रत काढताना कोठूनही निर्माण होत नाहीत.

२. किती जवळ जाता येईल, हे आधी मोजावे. रीत सोपी आहे. फोटोच्या उंचीतील बिंदूंना १०८० ने भागावे. माझ्या समूहफोटोचे ३००० बिंदू होते. भागाकार पावणेतीनच्या किंचित वर येतो. म्हणजे त्या फोटोत पावणेतीन पटीपर्यंत जवळ गेले तरी चेहऱ्याला खरे बिंदू पुरतात. त्यापुढे यंत्र केवळ ताणून दाखविते. उलट, फोटो गरजेपेक्षा फारच मोठा असेल, तर तो आधी योग्य मापाचा करून घ्यावा; नाहीतर संगणक दमतो, आणि आकार लहान करण्याची हलकी पद्धत निवडलेली असल्यास कौलांच्या ओळी, जाळीचे गज, कापडाची वीण अशा बारीक रेषा दृष्टी सरकताना लुकलुकू लागतात. शॉटकटसारख्या प्रणालीत या पद्धतींची निवड पक्की प्रत काढतेवेळी करता येते; तेथे उच्च प्रतीची निवडावी. वेळ थोडा अधिक लागेल.

३. चित्र ताणू नये. पडदा रुंद आहे आणि जुना फोटो चौकोनी आहे, म्हणून तो ओढून बसविला की माणसे ठेंगणी व जाड दिसतात. दोन्ही बाजूंस काळी पट्टी राहिली तरी बिघडत नाही. कोणाच्या तरी वडिलांचा चेहरा आपण हाताळीत आहोत, याचे भान असावे.

४. अक्षरे मोठी आणि चित्र सावकाश असावे. माझा ठोकताळा असा की, अक्षराची उंची चित्राच्या उंचीच्या विसाव्या हिश्शाहून कमी नसावी. १०८० बिंदूंच्या चित्रात ती सुमारे ५४ बिंदू येते. पडद्यावरील मजकूर आपण मोठ्याने, मुलांच्या गतीने दोनदा वाचावा. तितका वेळ ते चित्र राहावे. प्रणाली आपण होऊन जी काही सेकंदांची मुदत देते, ती चौथीच्या मुलाच्या वाचनाला पुरत नाही.

५. पक्की प्रत काढताना तीन गोष्टी तपासाव्या. माप १९२० गुणिले १०८० आहे ना? कामापुरत्या घेतलेल्या लहान प्रती न वापरता मूळ फोटोच वापरले जात आहेत ना? आणि गुणवत्तेची निवड हलकी तर नाही? काही प्रणालींत कच्च्या प्रतीच पक्क्या प्रतीत घालण्याची खूण असते. ती चुकून केलेली असली, तर प्रुफाचीच छपाई होते. फोनवर पाठविण्यासाठी हलकी प्रत हवी असेल, तर ती निराळी काढावी. वर्गासाठी मात्र उत्तम प्रतच वापरावी.

६. अखेरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. संपूर्ण चित्रफीत तयार करण्यापूर्वी तिच्यातील सर्वांत अवघड चित्र असलेला वीस सेकंदांचा तुकडा वेगळा पक्का करून घ्यावा. तो वर्गातील संचावर लावावा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसावे. खिडकी उघडी ठेवून, दुपारच्या उजेडात पाहावे. तेथून जे वाचता येते तेच आपण शिकविले. बाकीचे आपण केवळ दाखविले.

ही सहावी गोष्ट पाळण्यास यंत्राचे काही ज्ञान लागत नाही. वेळही थोडाच, पाच-दहा मिनिटांचा. तरीही ती आपल्याकडून होत नाही, कारण संगणकासमोरची खुर्ची पडद्यापासून दोन हातांवर असते आणि शेवटचा बाक वीस फुटांवर. खुर्चीतून दिसणाऱ्या चित्रावर आपण समाधान मानतो. मामा प्रूफ तपासून झाल्यावर पहिला छापलेला फर्मा हातात घेऊन दारापाशी, उजेडात जात. गिऱ्हाईक पुस्तक जेथे बसून वाचणार तेथला उजेड कसा असेल, हे त्यांच्या मनात असे. त्यांनी शिक्षणशास्त्राचे पुस्तक कधी वाचले नव्हते.

त्या आजींचे पुढे काय झाले, हे सांगून पुरे करतो. चूक ध्यानात आल्यावर मी समूहफोटो पुन्हा चित्रफितीत घातला. या वेळी मोजमाप करून, अडीच पटीपर्यंत सावकाश जवळ जाणारा, मागच्या रांगेवर थांबणारा. पक्की प्रत शाळेतील संचावर लावून मागे बसून पाहिली, आणि मग आजींना बोलावणे पाठविले. त्या आल्या, पहिल्या बाकावर बसल्या. यजमानांचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. चित्र पुढे सरकल्यावर म्हणाल्या, "टोपी अशीच घालायचे." मग म्हणाल्या, "पुन्हा एकदा लावता का, गुरुजी?" मी लावले. त्या दिवशी ते चित्र आम्ही किती वेळा पाहिले ते मी मोजले नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या गावात अशी एखादी ट्रंक, असा एखादा फोटो आणि असे एखादे माणूस असेल. शेवटच्या बाकावर गप्प उभी राहिलेली मुलगी तर प्रत्येक वर्गात आहे. फोटो खराब आहे असे म्हणण्यापूर्वी आणि मुलाचे लक्ष नाही असे म्हणण्यापूर्वी, आपण पक्की प्रत त्याच्या जागेवरून पाहिली आहे काय, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावा, अशी आपणा सर्वांस माझी नम्र विनंती आहे.